वॉशर

धर्मादाय कार्यालयातल्या कारकुनानं विचारलं, संस्थेचा उद्देश?
जिनपाल म्हणाला, पोरांना विज्ञान, तंत्र, गणित.
कारकून म्हणाला, म्हणजे क्लासेस.
क्लासेस नव्हे, आम्ही तिघंही एकदम म्हणालो
आणि मग नेमकं काय, ते तिघांनाही सांगता येईना.

तीस-तीस वर्षं आम्ही अग्निबाणांच्या पोटात काढली.
जिनपालनं उष्णता सांभाळली, वहिदानं कंपनं,
मी बोल्ट.
कुठला किती आवळायचा, कुणी आवळला, कुणी पाहिला,
खाली सही. माझी.
गावात विचारतात, मॅडम, तुम्ही रॉकेट उडवायच्या?
नाही हो. मी मोजायचे.

सावळजला बाबगोंडाची बेदाणा शेड
जुलैपासून रिकामीच असते.
त्यानं किल्ली दिली, एक अट घातली:
माल आला की पोरं बाहेर.
म्हणून आमचं वर्ष द्राक्षांच्या कलानं चालतं.
छाटणीच्या सुमाराला गतीचे नियम,
मणी फुगताना दाब आणि घनफळ,
मण्यांत पाणी उतरेपर्यंत उड्डाण उरकायचं.

शनिवारी दुपारी नववीची बावीस पोरं
जाळीच्या रॅकांखाली मांडी घालून बसतात.
गंधकाच्या धुरीचा वास भिंतींत मुरलेला.
रेवण कोळेकर शिंकतो आणि विचारतो,
वर हवाच नाही, तर रॉकेट रेटा देतं कशाला?
वहिदा फळा पुसायला घेते.
असा प्रश्न आला की ती चहा थंड होऊ देते.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी
जास्मिन मुलाणीच्या गटाची बाटली,
दोन लिटरची, सायकलच्या पंपानं भरलेली,
वर जायची ती आडवी गेली,
मानेतून पाणी फुसफुसत
बागेच्या तारांवरून, बाबगोंडाच्या म्हशीवरून.
म्हैस हलली नाही.
सगळे हसले, जास्मिन सोडून.
मानेतला रबरी वॉशर गायब होता.
दिवस कलेपर्यंत आम्ही वेलींखाली शोधला,
ड्रिपच्या नळ्या उचलून उचलून.

वहीत एक रकाना आहे: कारण.
मी म्हणाले, लिही, उड्डाणात वॉशर निसटला असावा.
असावा म्हणजे? तुम्ही पाहिला?
आणि तिनं लिहिलं, कारण माहीत नाही.
निळ्या शाईत, ठळक, जरा तिरकं.

ती वही धरून मी उभीच राहिले.
फार वर्षांपूर्वी, एका लांबलचक टेबलाशी
आम्ही सतरा जण होतो, सगळे शिकलेले,
आणि समुद्रात पडलेल्या एका गोष्टीबद्दल
'संभाव्य' हा शब्द अकरा वेळा लिहिला होता.
माहीत नाही, एवढं कुणाच्या पेनातून उतरलं नाही.
माझ्याही.

मार्चमध्ये बाबगोंडाचा फोन.
बायका माल निवडत होत्या, चार नंबरच्या रॅकचा.
पिवळ्याधमक बेदाण्यात एक काळं काहीतरी.
हौसाबाईनं खराब म्हणून फेकलं
तर ते टुणकन उडी मारून परत आलं.
मॅडम, तुमचंच का हे? पेटीत गेलं असतं बघा,
पंधरा किलोत कुणाच्या दातांखाली आलं असतं.

म्हणजे वॉशर शेडबाहेर गेलाच नव्हता.
जोडतानाच हातातून सुटला, जाळीत अडकून बसला,
आणि त्या दिवशी तपासणीच्या रकान्यात सही कुणाची होती
ते मी वही न उघडता सांगू शकते.

जास्मिनला निरोप धाडला.
दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर, तरी आली सायकलवर.
वॉशर अंगठ्यात घालून पाहिला, फिरवला.
जुनी ओळ तिनं खोडली नाही.
खाली तारीख घातली, लिहिलं, आता माहीत आहे,
आणि पुढे दोन ओळी, हातानं झाकून.
मग पेनचं टोपण काढून वही माझ्यापुढे सरकवली.
मी सवयीनं थेट सहीच्या जागी पोचले.
मॅडम, ती म्हणाली,
आधी वाचा.